वरच्या मजल्याचा उकाडा : जुन्या घरात सुधारणा कोणत्या क्रमाने कराव्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात १९९४ साली बांधलेले दुमजली घर आहे. भिंती नऊ इंची विटांच्या, वर पाच इंची आरसीसी स्लॅब आणि त्यावर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा पाणी अडवणारा जाड थर. वरच्या मजल्याचे क्षेत्रफळ सुमारे ८६० चौरस फूट. वृद्ध आईवडील याच मजल्यावर राहतात आणि मे महिन्यात दीड टनाचे दोन एसी रात्रभर चालूनही खोल्या निवत नाहीत. एका सल्लागाराने भिंतींना आतून फोमची पॅनेल, जिप्समचे फॉल्स सीलिंग आणि दोन टनांचे नवे एसी असा प्रस्ताव दिला आहे. त्यातले काय घ्यावे आणि कोणत्या क्रमाने, असे आपण विचारले आहे.

माझे मत असे की प्रस्तावाचा क्रम उलटा आहे. पैसे आधी गच्चीवर खर्च करावेत, मग पश्चिमेच्या बाजूवर, त्यानंतर पंखे आणि कूलरच्या व्यवस्थेवर. एसीचा विचार हे सगळे झाल्यावर, आणि तोही बहुधा लहान एसीचा. भिंतींना आतून फोम लावू नये. असे का, ते सविस्तर सांगतो, कारण कारण समजले की पुढे येणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याचे म्हणणे आपल्याला स्वतः तपासता येईल.

संपूर्ण घर आतून लपेटण्याची पद्धत थंड देशांतून आलेली आहे. तेथे आत २० अंश आणि बाहेर उणे १० अंश असताना उष्णता भिंत, छत, जमीन, खिडकी अशा सगळ्या बाजूंनी, दिवसरात्र बाहेर जात असते, म्हणून सगळ्याच बाजू झाकाव्या लागतात. नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी बाहेर ४४ अंश आणि आत २८ अंश धरले, तर सावलीतल्या भिंतीच्या दोन बाजूंत फरक आहे अवघा १६ अंशांचा. स्लॅबची गोष्ट मात्र निराळी आहे. भर दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर ९०० वॅटच्या आसपास ऊन पडते, करडा कोबा त्यातले दोनतृतीयांश शोषून घेतो आणि त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर जातो. नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येतो, माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. त्या वेळी दक्षिणेच्या भिंतीवर जवळजवळ ऊनच नसते. सगळा मारा गच्चीवर असतो आणि दिवस कलल्यावर तो पश्चिमेच्या भिंतीवर सरकतो. आपल्याकडची लढाई हवेच्या तापमानाशी जितकी आहे, त्याहून अधिक ती उन्हाशी आहे.

याची खात्री करून घेण्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. रात्री नऊ वाजता स्टुलावर उभे राहून आईवडिलांच्या खोलीत छताला तळहात लावून पाहावा. काँक्रीट आणि कोबा यांचा एकत्रित थर दुपारची उष्णता खाली पोहोचवायला कित्येक तास घेतो, त्यामुळे बाहेर झळ ओसरलेली असते तेव्हाच छत सर्वाधिक तापलेले असते. हात लावताच धग जाणवली, तर एसी हवा थंड करत असूनही अंथरुणावर पडलेल्या माणसाला उकाडा का वाटतो, हे कळेल. शरीराला नुसती हवा जाणवत नाही. वरच्या तापलेल्या पृष्ठभागातून येणारी उष्णताही थेट जाणवते. शक्य असल्यास साधा इन्फ्रारेड तापमापक घ्यावा आणि आठवडाभर रात्री नऊ आणि सकाळी सहा वाजता छत, पश्चिमेची भिंत व दक्षिणेची भिंत यांची नोंद ठेवावी. चकचकीत पत्रा किंवा काच यांवर हा तापमापक चुकीचा आकडा दाखवतो. रंगवलेल्या भिंतीवर आणि छतावर तो पुरेसा विश्वासार्ह असतो.

आता थोडा हिशेब. आपल्या छताचे क्षेत्रफळ सुमारे ८० चौरस मीटर आहे. अशा स्लॅब-कोब्याचा यू-मूल्यांक, म्हणजे दोन बाजूंत एक अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून जाणारे वॅट, अडीचच्या आसपास येतो. नव्या घरांसाठी केंद्र सरकारने केलेल्या २०१८ च्या इको-निवास संहितेत छतासाठी हीच मर्यादा १.२ आहे, म्हणजे आपले छत मर्यादेच्या दुप्पट उष्णता आत सोडते. मे महिन्यातला सरासरी दिवस धरून मी केलेल्या ढोबळ गणितानुसार या छतातून चोवीस तासांच्या सरासरीने पावणेतीन किलोवॅट उष्णता आत येते, म्हणजे (एसीचा एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट) जवळपास पाऊण टन एसीचे काम केवळ छताने निर्माण केलेले आहे, आणि संध्याकाळच्या कमाल वेळेला हा आकडा याहून बराच वर जातो. गच्ची पांढरी केली तर तो पावणेदोन किलोवॅटच्या आसपास उतरतो. स्लॅबवर ५० मिलिमीटर जाडीचे एक्सपीएसचे, म्हणजे घट्ट दाबलेल्या पॉलिस्टायरीन फोमचे, तक्ते बसवले तर अर्ध्या किलोवॅटच्या जवळ, आणि दोन्ही केले तर त्याहूनही खाली. तोंडी हिशेब असला तरी प्रमाण लक्षात यावे इतका तो बरोबर आहे.

मात्र रंगाचा डबा उघडण्यापूर्वी गच्चीची प्रकृती तपासली पाहिजे, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण याच टप्प्यावर मी स्वतः चूक केलेली आहे. वर्ध्याच्या एका घरात फेब्रुवारी महिन्यात घाई करून आम्ही जुन्या कोब्यावर थेट तक्ते टाकले आणि वर स्क्रीड, म्हणजे सिमेंट-वाळूचा पातळ थर, केला. छत कोरडे दिसत होते, म्हणून पाणी तुंबवून चाचणी घेतली नाही. जुलैत बैठकीच्या छतावर ताटलीएवढा ओला डाग उमटला. पाणी तक्त्यांखालून आडवे पसरत असल्यामुळे गळती नेमकी कोठून होते हे काही केल्या सापडेना, आणि अखेर अर्ध्या गच्चीचा स्क्रीड फोडावा लागला. तेव्हापासून माझा नियम असा आहे की पाणी जाण्याची तोंडे बंद करून गच्चीवर दोनतीन इंच पाणी किमान ४८ तास उभे करायचे, खालून छताचा इंच न् इंच पाहायचा, आणि मगच पुढचे काम ठरवायचे.

दुसरी गोष्ट वजनाची. तीस वर्षांत एकदा तरी गळतीवर उपाय म्हणून जुना कोबा न काढता त्यावर दुसरा टाकलेला असण्याची दाट शक्यता असते. चार इंची कोब्याचे वजन दर चौरस मीटरला २०० किलोच्या जवळ भरते. आपल्या गच्चीवर असा एक थर म्हणजे सोळा टन. कठड्याजवळ किंवा पावसाळी पाइपाच्या तोंडाशी थरांची जाडी मोजून पाहावी. दोन थर असतील तर निदान वरचा काढलाच पाहिजे, आणि खालून काँक्रीटचे पापुद्रे निघून गंजलेली सळई दिसत असेल तर ऊर्जेचा विषय बाजूला ठेवून आधी संरचना अभियंत्याला दाखवावे.

गच्ची निर्दोष असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग पांढऱ्या लेपाचा आहे. बाजारात कूल रूफ या नावाने मिळणारे लेप सुरुवातीला उन्हाचा सुमारे ८० टक्के भाग परतवतात, पण धूळ बसून दोनतीन वर्षांत हे प्रमाण लक्षणीय घटते. म्हणून होळीच्या सुमारास गच्ची धुऊन काढणे हा त्या लेपाचाच भाग समजावा. पैशांची ओढ असेल तर डिंक मिसळलेल्या चुन्याचे दोन हातही पहिल्या उन्हाळ्यापुरते चांगले काम करतात. पावसाने ते जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा द्यावे लागतात. फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे चायना मोझॅक टिकाऊ आहे, पण त्यासाठी पुन्हा सिमेंटच्या मसाल्याचे वजन येते.

दुसरा मार्ग उष्णतारोधक थराचा, आणि आपल्या घरासाठी मी हाच सुचवेन. यात वॉटरप्रूफिंगचा थर आधी, त्यावर एक्सपीएसचे बंद पेशींचे तक्ते, त्यावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारे कृत्रिम धाग्यांचे कापड, आणि शेवटी पातळ, जाळीयुक्त स्क्रीड किंवा पांढऱ्या फरश्या असा क्रम असतो. वॉटरप्रूफिंग तक्त्यांच्या खाली सावलीत राहिल्यामुळे त्याचे आयुष्यही वाढते. साधा पांढरा थर्माकोल येथे वापरू नये. तो पाणी धरतो आणि पायाखाली दबतो. पाणी निचऱ्याचा उतार शंभरास एक तरी मिळालाच पाहिजे. कठडा आणि स्लॅब यांच्या कोपऱ्यातली गोलाई नीट झाली आहे का, हे कामगार निघून जाण्यापूर्वी स्वतः बोट फिरवून पाहावे.

थर वरून का आणि खालून का नको, याला एक कारण आहे, जे प्रस्तावात कोठेही नाही. वरच्या मजल्याच्या खोल्यांत, स्लॅबच्या बरोबर खाली, भिंतीवर आडवी केसासारखी फट पाहा. दरवर्षी पुट्टी भरूनही ती उन्हाळ्यात परत येते. काँक्रीट दर अंशाला लांबीच्या एक लाखांश प्रसरण पावते. बारा मीटर लांबीचा स्लॅब तीस अंशांनी तापला की साडेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढतो आणि खालच्या विटांना सरकवतो. फॉल्स सीलिंगने खोलीला थोडे संरक्षण मिळेल, पण स्लॅब तसाच भाजत राहील, ही फट वाढत राहील आणि गळती सुरू झाली तर ती जिप्सम फुगेपर्यंत दिसणारही नाही. शिवाय दहा फुटी उंचीतून नऊ इंच गेले की पंखा खाली येतो आणि खोली कोंदट वाटू लागते. छतावर काम करणे अशक्य असते, उदाहरणार्थ सोसायटीची परवानगी मिळत नाही, तेव्हाच मी खालच्या थराकडे वळतो.

आता पश्चिम बाजू. आपल्या पश्चिमेच्या शयनगृहात चार बाय पाच फुटांची सरकती खिडकी आहे, असे आपण लिहिले आहे. मे महिन्यात दुपारी चारसाडेचारला त्या काचेतून सुमारे एक किलोवॅट उष्णता आत येते. एक हीटर लावून ठेवल्यासारखेच झाले. वर दोन फुटी छज्जा असला तरी पाच वाजता सूर्य क्षितिजापासून केवळ २३ अंशांवर असतो, त्यामुळे छज्जा काचेचा वरचा जेमतेम फूटभर भाग झाकतो. आतल्या जाड पडद्याने डोळ्यांना अंधार मिळतो, पण ऊन काचेतून आत आल्यावर पडदाच तापतो आणि खोलीत उष्णता सोडत राहतो. अडवायचे ते काचेच्या बाहेर अडवावे. बांबूची चिक, शेडनेट ताणलेली लोखंडी चौकट, बाहेरून मिटणारी झडप यांपैकी काहीही चालेल. अट इतकीच की काच आणि आवरण यांत वीतभर अंतर असावे, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाईल. पश्चिमेच्या भिंतीपासून फूटभर अंतरावर जाळी उभारून तिच्यावर मधुमालतीसारखा वेल चढवणे हा संथ, पण मला सर्वांत आवडणारा उपाय आहे. भिंतीचा रंग फिका ठेवावा. दक्षिणेच्या खिडक्यांना मात्र गडद फिल्म लावू नये, कारण उन्हाळ्यात तेथे छज्जा पुरेसा आहे आणि डिसेंबरच्या थंडीत तेच कोवळे ऊन आईवडिलांना हवे असेल.

आतून फोम नको असे म्हणतो त्याचे कारण आता स्पष्ट होईल. नऊ इंची विटांची भिंत पहाटेचा गारवा धरून ठेवते आणि दुपारी खोलीला देते. फोमने ती खोलीपासून तोडली की तो गारवाही तुटतो. विदर्भातल्या जुन्या मातीच्या जाड भिंतींची, वर कवेलू घातलेली घरे दुपारी सुसह्य का असत, याचे अर्धे उत्तर या साठवणीत आहे.

पंख्यांवर फार लिहीत नाही. जुना पंखा ७० ते ८० वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा, पंखा तेवढाच वारा साधारण ३० वॅटमध्ये देतो, आणि जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचे झाल्यामुळे तुलना सोपी झाली आहे. अंगावर वारा असेल तर २७ अंशांची खोलीही सुखाची वाटते.

कूलरबद्दल मात्र लिहिलेच पाहिजे, कारण एसी आल्यापासून आपण तो अडगळीत टाकला आहे असे आपल्या पत्रावरून दिसते. नागपूरच्या मे महिन्यात तापमान ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असताना चांगल्या ताट्यांचा (पाण्याने भिजणाऱ्या गवती जाळ्यांचा) कूलर २७ ते २८ अंशांची हवा देतो, तीही एसीच्या सातव्याआठव्या हिश्श्याच्या विजेवर. लिटरभर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६८ युनिट उष्णता शोषली जाते, आणि हे काम पाणी स्वतःच करते. विजेचे बिल येते ते पंखा आणि पंपाचे. कूलर लोकांना नकोसा होतो तो बहुतेक वेळा चुकीच्या मांडणीमुळे. तो खोलीत ठेवून दारे लावून घेतली की तीच ओलसर हवा फिरत राहते आणि अंग चिकट होते. कूलर खिडकीबाहेर, सावलीत, लोखंडी स्टँडवर असावा आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार वीतभर उघडे असावे. बोअरच्या पाण्यातील क्षार साचून ताट्या कडक झाल्या की हवा गार होत नाही, म्हणून दर मार्चमध्ये ताट्या बदलाव्यात आणि टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढावे. डेंग्यूच्या डासांसाठीही हे आवश्यक आहे. रात्री कूलर चालू ठेवला तर भिंती पहाटेपर्यंत गार होतात आणि त्याचा लाभ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकतो. कूलर आणि एसी एकाच खोलीत एकाच वेळी कधीही चालवू नयेत; कूलरने हवेत घातलेले पाणी एसीला वीज खर्चून बाहेर काढावे लागते. जूनच्या मध्यावर पाऊस आला की कूलर निरुपयोगी होतो. एसीचा खरा हंगाम तेथून सप्टेंबरपर्यंतचा आणि मे महिन्यातल्या मोजक्या भीषण रात्रींचा.

एसीच्या खोलीतील फटी बुजवणे स्वस्त आणि लाभदायक आहे. जुन्या विंडो एसीचे भोक, सरकत्या खिडकीच्या पट्ट्या, दाराखालची जागा येथून रात्रभर गरम हवा येते आणि उन्हाळ्यात धूळही. परंतु त्याआधी एक गोष्ट तपासावी, आणि ती पैशांपेक्षा महत्त्वाची आहे. न्हाणीघरात गॅस गीझर असेल तर तो घराबाहेरच्या मोकळ्या जागी हलवल्याशिवाय एकही फट बुजवू नये. बंद जागेत त्याच्या ज्वलनातून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंग व वास नसल्यामुळे कळत नाही आणि काही मिनिटांत माणूस बेशुद्ध पडतो. शयनगृहही हवाबंद डबा करू नये. दोन माणसे झोपणार असतील तर ताज्या हवेसाठी छोटा झरोका राहू द्यावा.

हे झाल्यावर एसीचा प्रश्न बहुधा आपोआप लहान होतो. छत आणि पश्चिमेची खिडकी सावरलेल्या खोलीला दोन टन तर नकोतच; अनेकदा एक टनाचा पाच-तारांकित इन्व्हर्टर एसी पुरतो, आणि आपले सध्याचे दीड टनी एसी चांगल्या स्थितीत असतील तर बदलण्याची घाईही नाही. बाहेरचा भाग पश्चिमेच्या उन्हात किंवा बंदिस्त डक्टमध्ये असेल तर तो हलवावा. आपल्या वीजदरात १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे आहेत, त्यामुळे वाचलेले प्रत्येक युनिट सर्वांत महागड्या टप्प्यातून वजा होते. म्हणूनच मे महिन्याच्या बिलातील घट वापरातील घटीपेक्षा अधिक दिसते.

सौर पॅनेलचा आपला विचार योग्य आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट व त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. तीन किलोवॅटला तीनशे चौरस फुटांच्या आसपास जागा लागते आणि तेवढी गच्ची सावलीतही येते. परंतु पॅनेलचे पाय एकदा गच्चीत रोवले की त्याखाली वॉटरप्रूफिंग आणि तक्त्यांचे काम नीट करता येत नाही. म्हणून ते गच्चीच्या कामानंतरच बसवावेत, आणि संचाचा आकारही घटलेल्या वापरावरून ठरवावा.

मुंबई किंवा कोकणातील वाचकांनी यातला कूलरचा भाग पूर्ण सोडून द्यावा. तेथे हवा आधीच दमट असते, पंखा आणि आरपार वारा यांचेच महत्त्व मोठे असते, आणि भिंतींना आतून लावलेल्या फोममागे पावसाळ्यात बुरशी धरण्याचा धोका नागपूरपेक्षा कितीतरी अधिक असतो. छत आणि पश्चिमेबद्दल लिहिलेले मात्र तेथेही लागू आहे.

वेळापत्रकाचे म्हणाल, तर पाणी तुंबवण्याची चाचणी पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरमध्ये घ्यावी, गच्चीचे काम नोव्हेंबर ते जानेवारीत करावे, कारण त्या दिवसांत सिमेंटच्या कामाला पाणी मारणे सोपे जाते आणि कामगारही उन्हात होरपळत नाहीत. बाहेरची चिक आणि कूलरचे स्टँड मार्चपूर्वी बसवावेत. नंतर एप्रिलअखेर आणि मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री नऊच्या नोंदी पुन्हा घेऊन आधीच्या नोंदींशी ताडून पाहाव्यात. एसीच्या दुकानदाराला आगाऊ रक्कम दिली नसेल, तर ती तोपर्यंत आपल्याकडेच ठेवावी.